कमरेएवढा पूर

सरकारने जमीनदारी काढली, मालगुजारी गेली, त्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी नदीवरची बंगली विकायला निघाली आणि माझं जेवण तुटलं. आम्ही ती घेणार नव्हतो. घ्यायची ऐपतही नव्हती. पण ती बंगली माझी आहे हे मी लग्न होऊन आले त्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. मालगुजाराला तेवढं ते माहीत नव्हतं.

आमचं गाव चुलबंद नदीच्या काठचं. गावापासून कोसभर खाली नदी वळते, त्या वळणावर ती बंगली. कवेलूचं छप्पर, तिन्ही बाजूंनी पडवीसारखी छपरी, छुईच्या पांढऱ्या मातीने पोतलेल्या भिंती. पुढच्या अंगाला जाम म्हणजे पेरू, सीताफळं आणि कागदी लिंबांची रांग, मागे आंबे आणि एक म्हातारा फणस. भिंतीला लागून मोगऱ्याचा ताटवा, त्याच्या खाली दगडी पायऱ्या थेट पाण्यात. भोवती धानाच्या चांगल्या बांध्या आणि त्यांना पाणी द्यायला एक लहानसा तलाव, बोडी. आमच्या चार बांध्या तिच्या कुंपणाला खेटून होत्या. देवाने मला नवरा बरा दिला, सासू बरी दिली, पण शेत तिथं द्यायला नको होतं.

रोवणीच्या दिवसांत बायका वाकून रोवत असायच्या, आणि ही बाई, म्हणजे मी, दर दोन ओळींनी मान वर करून दुसऱ्याच्या घरात संसार मांडायची. पूर्वेच्या खोलीत माझी चूल मांडून झाली होती. धुराने भिंत काळी होईल असं वाटलं, म्हणून ती चूल मी एकदा मागच्या छपरीत हलवलीसुद्धा. झोपाळ्याच्या कड्या छताच्या कुठल्या मयालीला लावायच्या ते ठरलं होतं. फणसाखाली कोणाला बसू द्यायचं आणि कोणाला नाही, त्याचाही निकाल लागला होता. हे सगळं गुडघाभर चिखलात उभं राहून. एकदा कुंपणातून हात घालून गुलाबाची फांदी तोडून आणली आणि परसात लावली. ती आठ दिवसांत वाळली. मी महिनाभर गुलाबावर रागावले होते.

मालगुजार नागपूरला राहायला गेला. बंगली बंद पडली. एक म्हातारा माळी राखणीला राहिला, आणि गोंदियाहून मालगुजाराचे दिवाणजी गिऱ्हाइकं घेऊन येऊ लागले. मी घरी बातमी सांगितली.

"ऐकलं का जी? बंगली विकून राहिले म्हणते."

"विको ना. तुले का करा लागते?"

"मले कायले करा लागन? मी तं आपली सांगून राहिली."

"मंग भाजीत मीठ काऊन नाही?"

आमचा माणूस कमी बोलायचा, पण बोलला की असा. त्याला त्या बंगलीचं काहीच नव्हतं. आपल्या चार बांध्यांत पाणी वेळेवर आलं की त्याचं वर्ष झालं. आणि मी? मी विहिरीवरच्या बायकांना सांगून मोकळी झाले होते, "आमचं बोलणं चालू आहे." कोणाशी चालू आहे ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून बरं. मी माझ्याशीच बोलत होते.

आता माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि सगळ्या बाबतीत दोन वर्षं पुढे. मंडईच्या जत्रेत दोघींना दोन मातीच्या बाहुल्या घेतल्या, तर माझीचं मुंडकं गाडीतच तुटलं. तिची बाहुली तिच्या लग्नापर्यंत फडताळात उभी होती. मी काळी, ती गोरी. तिला गालावर खळी, मला कपाळावर दगड लागल्याची खोक. तिला दिलं तेही कोहळ्यांच्या घरी. पिढ्यान्पिढ्या तलाव बांधणारं घराणं, अंगणात धानाच्या ढोल्या, आणि नवरा असा, की बाजारातून आला की पिशवी आधी तिच्या हातात द्यायचा. आमच्या घरची पिशवी खुंटीला जायची. एवढ्याशा पिशवीवरून माणूस किती जळू शकतो, ते मला विचारा.

सगळ्यात वाईट म्हणजे तिला ह्यातलं काही कळायचं नाही. मला पाहिलं की धावत यायची, "बाई आली, बाई आली" करत. जिचा हेवा करायचा तिने निदान थोडं वाईट तरी वागावं की नाही? तेवढीही सोय तिने कधी ठेवली नाही.

त्या वर्षी दिवाळीला दोघी माहेरी आलो होतो. दुपारी मागच्या अंगणात गंज-पातेली घासत बसलो, तर ती राख लावलेला हात तसाच माझ्या गुडघ्यावर ठेवून म्हणाली, "बाई, एक सांगू? तुह्या शेताजवळची ते बंगली आमी पाहून राहिलो."

माझ्या हातातला गंज तसाच राहिला.

"आमचे मामाजी येनार हायेत पाहाले," ती म्हणाली. मामाजी म्हणजे तिचा सासरा. "तिथं नदीचं पाणी घरात शिरते का वं? त्याईचं सारं पाण्यावर असते. बाकी काई पाहात नाही."

"पाहा लागन," मी म्हटलं.

"तसं अजून पक्कं नाही. मामाजी म्हणतात का भाव—"

"म्हैस सुटली वाटते," म्हणत मी उठले आणि गोठ्याकडे चालू लागले. माहेरची म्हैस तीन वर्षांपूर्वीच विकली होती. रिकाम्या गोठ्यात जाऊन मी दावणीला धरून उभी राहिले. तिचं वाक्य मी पुरं होऊ दिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तेव्हाच्या मला दुसऱ्याचं वाक्य पुरं ऐकायची सवय नव्हती. चांगली बातमी तर मुळीच नाही.

घरी आले ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन. पाणी. म्हाताऱ्याचं सारं पाण्यावर असते.

खरं सांगायचं तर चुलबंदेचं पाणी त्या घरात कधी शिरलं नव्हतं. भर पुरात ते दगडी पायऱ्यांवर चढायचं, वरच्या चार पायऱ्या सोडून थांबायचं. पण हे गावाला ठाऊक, सहा कोसांवरच्या कोहळ्याला काय ठाऊक? आणि गोंदियाचे दिवाणजी तर पावसाळ्यात आमच्या वाटेला कधी फिरकलेच नव्हते. मालगुजार गेल्यापासून भिंतींना छुईचा हात लागलेला नव्हता. म्हणजे गेल्या पावसाळ्यातल्या पुराची खूण भिंतीवर असायला काहीच हरकत नव्हती. नव्हती एवढंच. ती मी करायची होती.

धानकापणी चालू होती. दुपारी सगळे जेवून शेताच्या धुऱ्यावर पडले, माळी आपल्या झोपडीत गेला, तेव्हा मी टोपलं घेऊन कुंपणातून आत शिरले. पायऱ्यांवरून नदीचा गाळ काढला. नुसता गाळ वाळला की झडेल, म्हणून घरून जवसाचं तेल नेलं होतं. तेल गाळात कालवलं. एवढी अक्कल मी संसारात कधी वापरली नव्हती. मग फाटक्या लुगड्याचा बोळा घेऊन नदीच्या बाजूच्या लांब भिंतीवर रेघ ओढत निघाले, कमरेएवढ्या उंचीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रेघेखाली थोडे शिंतोडे मारले. एक-दोन वाळलेल्या काड्या चिकटवल्या. मधे मोगऱ्याचा ताटवा आला. तो तुडवायचं काही जिवावर येईना. हात लांबवून पाहिला, पोचला नाही. तेवढी भिंत सोडली आणि पलीकडून पुन्हा सुरू केली.

मागे सरून पाहिलं. पूर आला होता. मी माझ्या हातांनी आणला होता! घरी जाऊन दोन ताटं भात जेवले.

चौथ्या दिवशी बैलगाडी आली. दिवाणजी आधीच छपरीत पान लावून बसले होते. गाडीतून तिचा सासरा उतरला. काटकुळा म्हातारा, गुडघ्याच्या वर धोतर, पायात काही नाही. मागून धाकटी उतरली, डोक्यावरचा पदर सावरत, आणि मला धुऱ्यावर पाहताच ओरडली, "बाई! ये ना वं इकडे!" जायचं नव्हतं. पाय मात्र आधीच निघाले होते.

म्हाताऱ्याने घराकडे पाहिलंच नाही. आधी बोडीची पाळ पायाखाली दाबून पाहिली. बांधीतली माती उचलून चुरली, वास घेतला. आंबे, जाम, फणस ह्यांना नुसती मान हलवली, वाटेत ओळखीचं माणूस भेटावं तशी. मग भिंतीला वळसा घालून नदीच्या बाजूला आला आणि थांबला.

दिवाणजीही थांबले. त्यांच्या तोंडातलं पान थांबलं.

"हे का होय जी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ये... कुछ नहीं, ओल आली असन," दिवाणजी म्हणाले. ते घाबरले की अर्धे हिंदीत जायचे.

"ओल खालून वर जाते. हे तं आडवी हाय."

"माळी! ए माळी! हे काय आहे गा?"

माळी आला, रेघ पाहिली, टोपी काढली, परत घातली. "मांगच्या आठवड्यात तं नव्हती मालक," म्हणाला. दिवाणजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने टोपी पुन्हा काढली. दारू पितो म्हणून त्याची ख्याती होती. बिचारा खरं बोलला तो त्या वर्षातला एकच दिवस असेल, आणि तोही वाया गेला.

म्हाताऱ्याने परात मागवली. माळ्याच्या झोपडीतली परात आली. ती त्याने भिंतीच्या मधोमध एका दगडावर ठेवली, काठोकाठ पाणी भरलं, पाणी हलायचं थांबेपर्यंत उकिडवा बसून राहिला. मग एक डोळा मिटून, गाल जवळजवळ परातीला टेकवून, त्या पाण्याच्या पातळीवरून भिंतीकडे पाहिलं. या टोकाला पाहिलं. फिरून त्या टोकाला पाहिलं. उठला, मोगऱ्यापाशी गेला, ताटव्यामागे डोकावला. रेघेवर बोट घासलं आणि ते बोट नाकापाशी नेलं.

मला तहान लागली.

"ह्या बाईचं शेत इथंच हाय ना?" तो म्हणाला. "इचारू त्याईलेच. का वं माय, पानी आल्तं का इथवर?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. धाकटी तर अशा डोळ्यांनी, जशी मी आता मंत्रच म्हणणार आहे. नाही म्हणावं तर रेघ कुठून आली? हो म्हणावं तर पदराखाली अजून तेलाचा वास.

"आलं असन जी," मी म्हटलं. "मी घरी होती."

"असन," म्हातारा म्हणाला. मग दिवाणजीकडे वळला आणि एवढंच बोलला, "पाहा बुवा तुमचं तुमी." आणि जामाच्या झाडाखाली जाऊन बसला.

त्यानंतर दिवाणजी त्याच्या मागे, पुढे, बाजूला फिरत राहिले. मालगुजारांना विचारावं लागेल म्हणाले. असं काही असल्याचं मालगुजारांनी कधी सांगितलं नाही म्हणाले. म्हातारा जाम खात होता. दिवाणजींनी भाव उतरवला. म्हाताऱ्याने बी थुंकली. दिवाणजींनी आणखी उतरवला. मी काळजावर हात ठेवून उभी होते. जळत नव्हते हो, उलट आनंदात होते. कारण मला वाटत होतं, दिवाणजी हातापाया पडताहेत आणि म्हातारा नाही नाही म्हणतो आहे. त्याने "नाही" हा शब्द एकदाही उच्चारला नाही, हे माझ्या लक्षात आलंच नाही.

मग म्हातारा उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "जमलं."

धाकटीने तिथल्या तिथे मला मिठी मारली. "जमलं वं बाई! मामाजी म्हणत होते का एवढा भाव आपल्याच्यानं होत नाही, सोडून देऊ. मी तं आशाच सोडली होती. तुले मी दिवाळीतच सांगनार होती, पन तुही म्हैस सुटली ना!"

म्हैस! तिच्या खांद्यावरून मला माझी रेघ दिसत होती. जी बंगली धाकटीच्या हातून सुटायला निघाली होती, ती मी तेल लावून तिच्या हातात दिली होती.

दिवाणजी बरोबरच्या कारकुनाला कागद काढायला सांगत होते, तेवढ्यात म्हातारा पाणी प्यायला आमच्या धुऱ्यावर आला. एकटाच. मी तांब्या दिला. तो ओंजळीने प्यायला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे न पाहता, धानाकडे पाहत बोलला, "पन्नास साल झाले मले पान्यात. पानी जिथं थांबते तिथं सपाट थांबते, माय. हे पानी जमिनीच्या उतारानं कमरेवर हात ठेवून चाललं. बाईच्याच उंचीनं."

मी तांब्या खाली ठेवला.

"आन पुराले मोगऱ्याची दया आली. असा पूर मी पाह्यलो नाही."

"मामाजी..."

"आन चुलबंदेत जवसाचं तेल कवापासून वाहाले लागलं वं?"

मी तिथंच बसले, धुऱ्यावर. रडणार होते, पण त्याच्या खांद्यांकडे पाहिलं तर ते हलत होते. म्हातारा हसत होता! दात नव्हते, त्यामुळे आवाज येत नव्हता इतकंच.

"तुमी दिवाणजीले काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मी त्याईले खोटं बोललो का? मी तं इचारलो. हे का होय, म्हणून. त्याईले आपल्याच घराचं ठाऊक नाही, त्याले मी का करू?" मग म्हणाला, "सुनेले काई बोलनार नाही मी. पन दलाली देवाच लागते तुले. घर पोतू तवा ते भित तूच पोतजो. दुसऱ्याच्या हाताले ते माप जमनार नाही."

म्हातारा साधू नव्हता, हे लक्षात घ्या. मला जन्मभर जुंपून, वर उपकार केल्यासारखा निघून गेला.

महिन्याभरात ते राहायला आले. त्याआधी घर पोतायला आजूबाजूच्या बायका लागल्या होत्या. नदीकडची भिंत मात्र मोठ्या बाईसाठी राखून ठेवलेली. मी छुईचं टोपलं घेऊन आले, कुंचा भिजवला आणि माझा पूर माझ्या हातांनी ओसरवला. दुपारपर्यंत भिंत पांढरीशुभ्र. मनात म्हटलं, सुटले.

पण तेल ते तेल. पुढच्या पावसाळ्यात भिंत ओली झाली, वाळली, आणि दसऱ्याच्या सुमाराला रेघ परत वर आली. पिवळट, फिकी, पण होती. धाकटीला वाटलं ओलीने आली. म्हातारा छपरीत सुंभ वळत बसला होता, तो म्हणाला, "मोठ्या बाईले बलाव." मी आले, पोतून गेले. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. तिसऱ्या वर्षी मी दोन हात जास्त दिले, तरी पुन्हा. दिवाळी आली की माझं घर पोतायचं राहायचं, पण धाकटीच्या भिंतीला मी हजर. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, "बहिनी असाव्या तं अशा!" आणि मी पदर खोचून, गोड तोंड करून हो म्हणायची.

तिने तिथे काय काय नाही केलं! झोपाळा लावला, नेमका माझ्या मयालीला. फणसाखाली कोणालाही बसू दिलं. मागच्या छपरीत चूल मांडली, म्हणजे मी शेवटी जिथे हलवली होती तिथेच. आंबे उतरले की पहिली टोपली आमच्या घरी. मी प्रत्येक आंबा हातात घेऊन पाहायची, मोठे तिने ठेवून घेतले की काय. नव्हते ठेवले. तिच्या ह्या वागण्याने मला काही कमी त्रास दिला नाही.

म्हातारा गेला त्या वर्षीची दिवाळी. मी मनाशी म्हटलं, चला, आता कोण बोलावतं? म्हाताऱ्यासोबत गोष्ट संपली. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी धाकटीचाच निरोप आला, छुई भिजवून ठेवली आहे म्हणून.

गेले. ती भिंतीपाशी उभी होती, कुंचा हातात घेऊन. रेघ त्या वर्षी फारच ठसठशीत वर आली होती, बाईच्या कमरेएवढी, उताराने उतरत गेलेली. धाकटी काही वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग माझ्या कमरेकडे पाहिलं. मग कुंचा माझ्या हातात दिला.

"मोगऱ्याले सांभाळून वं बाई," ती म्हणाली. "तू तं नेहमीच सांभाळतेस म्हना."

आणि आत गेली, माझ्यासाठी चहा टाकायला.

मी कुंचा छुईत बुडवला. कधीपासून कळलं हिला? पहिल्याच दिवशी? म्हाताऱ्याने सांगितलं, की तिचं तिला कळलं? दरवर्षी मला बोलावून, समोर बसून, मी पोतत असताना मला आंब्याचं लोणचं बांधून देत होती, ते हे ठाऊक असून? मी असते तर पहिल्याच दिवशी सगळ्या गावासमोर तिच्या झिंज्या धरल्या असत्या. तिने ते पोटात ठेवलं, आणि खळी पडेल असं हसली. बाहुली, नवरा, बंगली, आंबे, हे सगळं तिला मिळालं ते मिळालंच. आता हेही तिलाच मिळावं?

जळून मी भिंतीला तीन हात दिले.

पुढच्या दिवाळीला रेघ परत वर आली.